इंगळे बाबूंची सहा वर्षं आणि माझी एक सही

इंगळे बाबूंनी सहा वर्षं केलेलं काम मी एका सहीनं भंगारात घातलं.

काल बाबू गेले.

सकाळपासून संस्थेवाल्यांच्या पोस्टी येऊन राहिल्यात. ‘शाळेच्या संगणकीकरणाचा पाया घालणारे’ वगैरे.

वाचून किळस आली. त्यांची आलीच, स्वतःची जास्त आली. म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाबू म्हणजे चिखलीजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कूलचे क्लार्क. हाफ शर्ट, खिशाला दोन पेन, बोलणं कमी.

एकदा गावातली एक विधवा बाई नवऱ्याच्या जन्मतारखेचा दाखला मागायला आली. नवरा सरकारी खात्यात शिपाई होता, पेन्शन अडली होती. बाबूंनी जुनं प्रवेशाचं रजिस्टर उघडलं, तर नेमक्या त्या पानाचा भुगा झालेला.

बाई तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाबूंनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टायपिंग सुरू केलं. महाराष्ट्र झाला त्या सालापासूनची सगळी रजिस्टरं. प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, जात, गाव. दोन बोटांनी. शाळा सुटल्यावर, रोज.

सहा वर्षं.

तोवर कॉम्प्युटर म्हातारा झाला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बाबू बटण दाबून पाणी पिऊन, हेडमास्तरांची सही घेऊन परत यायचे, तरी स्क्रीन काळाच.

मी तेव्हा चिखलीत कॉम्प्युटरचं नवीन दुकान टाकलं होतं. संस्थेनं मला बोलावलं. अपग्रेड करायचा की नवा घ्यायचा, एवढं बघून सांगा.

मी उघडून पाहिला. आत खडूची धूळ. RAM कमी. हार्डडिस्क ठणठणीत.

“RAM वाढवली अन् फॅन साफ केला तर अजून चार-पाच वर्षं चालते,” मी म्हणालो.

“मंग झालं तर,” बाजूला उभे असलेले बाबू म्हणाले. “याले काऊन फेकता?”

मग संस्थेच्या सचिवांनी मला केबिनमध्ये घेतलं.

“संजू, पाहुणे येऊन राह्यले उद्घाटनाले. त्याईले काय हा डब्बा दाखवू? पुरी लॅब नवी करायची हाय. ऑर्डर तुलेच देतो. तू फक्त लिहून दे, हा कामातून गेला म्हणून.”

मी लिहून दिलं. ‘दुरुस्तीयोग्य नाही.’ खाली दुकानाचा शिक्का, माझी सही.

चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही विचार केला नाही.

बाहेर येऊन बाबूंना म्हणालो, “नवाच घेऊन राह्यले ते. तुमचा डेटा मी काढून देतो, टेन्शन घेऊ नका.”

“उद्याच काढ.”

“हो.”

उद्या काढला नाही. परवा काढला नाही. आणि मी कुठं लांब नव्हतो. लॅबचं वायरिंग चालू होतं, रोज त्याच शाळेत होतो. ऑफिस वीस पावलांवर.

बाबू ट्रेनिंगसाठी बुलडाण्याला गेले आणि सचिवांनी रंगकामासाठी ऑफिस रिकामं करून घेतलं. कॉम्प्युटर, टेबल, टेबलाच्या ड्रॉवरमधल्या बाबूंनी कॉपी करून ठेवलेल्या फ्लॉप्या. सगळं भंगारवाल्याच्या गाडीत.

बाबू परत आले ते थेट दुकानात.

“डेटा घेतला ना तू?”

मी गाडीची किल्ली उचलली.

त्यांना गाडीवर बसवून भंगाराच्या गोदामात नेलं. कॅबिनेट सापडलं. हार्डडिस्क फोडून ॲल्युमिनियमच्या ढिगात टाकली होती.

बाबू तिथंच वजनकाट्यावर बसले.

“मले वाटलं, घेतला असशीन.”

एवढंच म्हणाले.

उद्घाटन झालं. मी स्टेजवर होतो. शाल घेतली, हसून फोटो काढला. आज तो फोटो पुन्हा फिरतोय.

बाबूंनी पहिल्या रजिस्टरच्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

रिटायर झाल्यावर ऑफिसात बसायला मनाई झाली. मग शाळेच्या व्हरांड्यात बसून रजिस्टर वहीत उतरवायचे आणि घरी जाऊन टाईप करायचे. घरचा कॉम्प्युटर मी नेऊन दिला. उपकार नव्हते ते. लाज होती.

पण मधल्या एका पावसाळ्यात स्टोअररूम गळली. चार रजिस्टरांचा लगदा झाला. त्या नोंदींच्या जागी बाबूंनी टाईप केलं, ‘पान वाचता येत नाही.’

ती सगळी पानं जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात भेटायला गेलो. इतक्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“बाबू, तो कॉम्प्युटर दुरुस्त होत नाही, असं मीच लिहून दिलं होतं.”

“माहीत हाय मले. तुह्या कागदावर आवक नंबर कोणं टाकला? मीच ना.”

म्हणजे मी खोटं लिहिलंय हे माहीत असूनही त्यांनी डेटा माझ्यावर सोडला होता.

“मग कधी बोलले काऊन नाही?”

बाबूंनी उशीवरची मान जरा वळवली.

“तुले बोलत बसू का टायपिंग करू?”

तेव्हाचे सचिव आता अध्यक्ष आहेत. उद्या शोकसभा ठेवली आहे, मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी हेच वाचून दाखवणार आहे.

बाबूंनी दुसऱ्यांदा केलेली फाईल माझ्याकडं आहे. गावातल्या कोणाला आपली, आईची, बापाची जन्मतारीख शोधायची असेल तर दुकानात या. शाळेत चकरा मारू नका.

नाव सापडलं नाही, तर शिव्या मला द्या.

बाबू, तुमच्यासाठी ठेवणीतले शब्द माझ्याकडं नाहीत, आणि असते तरी माझ्या तोंडी ते शोभले नसते.

फक्त नमस्कार करतो. या आता.