थोडं थोडं दे

साक्रीजवळच्या पोल्ट्रीत मी नवाच होतो. शाळा सातवीत सुटलेली, गाव लांब परभणीकडे. चूक झाली तर परत पाठवतील, हीच धास्ती.

स्टार्चच्या कारखान्यात मक्यातून उरणारं पिवळं ग्लुटेन टेम्पोतून आणणारे एक भाऊ होते. गोणी उतरवण्याआधी ते त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मगच मान हलवायचे.

शेठ म्हणाले, सोयापेंडीऐवजी हे वापर. मी एका दिवसात सगळंच बदललं. कोंबड्या खाद्याला चोच लावेनात, आणि सकाळपासून मीही जेवलो नव्हतो. संध्याकाळी शेठ येणार होते. गोण्या घेऊन आलेल्या भाऊंसमोर मला रडूच फुटलं.

ते हसले. "नवी नवरी पहिल्याच दिवशी सासरी पोटभर जेवस का रे? थोडं थोडं दे. रुळी जाई."

बाह्या सरसावून त्यांनी माझ्याबरोबर जुन्या खाद्यात एकेक घमेलं नवं मिसळलं. शेठ आले तेव्हा शेडभर चोचींची टकटक चालली होती. भाऊंनी झाल्या प्रकाराचा शब्दही काढला नाही. टेम्पोत चढताना मला म्हणाले, "आते तू बी जेव. सकायपाईन उपाशी शेस."

घर सोडल्यापासून मला जेव म्हणणारे ते पहिलेच.