आत्याचा वरचा मजला

आत्या बसत नसे. बँकेत मॅनेजरांनी खुर्ची पुढे केली तरी ती उभीच. "बसलं की माणूस व्हय म्हणतंय," असं तिचं म्हणणं.

रामनगरच्या हमरस्त्यावर तिला दुमजली गाळे बांधायचे होते. खाली दुकानं, वर उळवीच्या जत्रेकऱ्यांसाठी खोल्या. रिकाम्या जागेत उभी राहून ती मला वर बोट दाखवायची, "तिकडं बघ, तिथं गॅलरी." तिथे आभाळ असायचं.

बँकेचे कागद इंग्रजीत. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. अनोळखी माणसांसमोर मला आवाज फुटत नाही. आत्या ओरडायची, "देवाला सांगतीस काय? मोठ्यानं वाच!"

मॅनेजर म्हणाले, "नुसत्या इमारतीवर तळमजल्यापुरतंच कर्ज बसतं. दोन्ही मजल्यांचं दिलं आणि उद्या गाळे रिकामे राहिले, तर इमारत विकूनही आमचं भागणार नाही. भाची जामीन राहिली तर वरचा मजलाही होईल." वडिलांमागे जोयड्याचं घर माझ्या नावावर झालं होतं. मी जामिनाचा कागद वाचून मराठीत सांगितला.

"म्हंजे गाळं बुडालं तर हिचं घरबी जातंय?" आत्याने विचारलं.

"इमारत विकून कमी पडलं तरच."

"व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"हो."

मी पेन उचललं होतं. आत्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "सायब, ही पोरगी न्हाई म्हणाय शिकल्याली न्हाई. तिच्या गप्प बसण्यावर मजला चढवू नका." स्वतःची सही मात्र तिने उभ्यानेच ठोकली. तिचं होतं नव्हतं ते सगळं त्या सहीमागे होतं.

एकच मजला झाला. भाडं येत राहिलं, पण आत्याची घालमेल थांबली नाही. संध्याकाळी शिडी लावून ती उघड्या गच्चीवर चढायची, आणि न झालेल्या खोल्यांतून फिरावं तशी, भिंतींना वळसे घालत फिरायची.

यंदा ती गेली. गाळे माझ्याकडे आले. तेराव्यानंतर मॅनेजर भेटायला आले. हप्ते नीट चालले आहेत, आता वरचा मजला तुमच्या नावाने करू, घर तारण ठेवा, म्हणाले.

"बुडालं तर घर जाणार?" माझाच आवाज मला परका वाटला.

"तसं... हो."

"मग नको."

ते गेले. आता रात्र-रात्र वाटतं, नको म्हणायला तिनेच शिकवलं, आणि मी पहिलं नको म्हटलं ते तिच्याच मजल्याला. ती असती तर पाठ थोपटली असती, की चार दिवस माझ्याशी बोलली नसती? मला ठरवता येत नाही.