मांडीवरचं यंत्र

काचेपलीकडे बाकावर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं डाळिंब सोलायचं यंत्र, त्यांनी स्वतः घडवलेलं. शेजारचं टेबल रिकामं होतं, पण ते यंत्र खाली ठेवत नव्हते.

त्यांच्या पेटंटचा मसुदा माझ्यासमोर होता. मी आधी कारखान्यात इंजिनीअर होतो, नेमकं लिहिणं अंगवळणी पडलेलं, म्हणून लिहिलं होतं, 'पातं स्क्रूने बसवलेलं'. मला हे काम शिकवणाऱ्या मॅडमनी त्या स्क्रूवर बोट ठेवलं.

"पेटंटात फक्त स्क्रू लिहिलात, तर उद्या कुणी तिथे स्क्रूऐवजी रिव्हेट मारेल आणि हेच यंत्र खुशाल विकेल. यांना काही करता येणार नाही."

मी 'जोडलेलं' असं केलं. पण तेव्हापासून प्रत्येक शब्दाची धास्ती वाटते. यंत्रातली चूक खडखडते, निदान कळते तरी. शब्दातली चूक गप्प बसून राहते, कुणी नक्कल करेपर्यंत.

मी दार उघडलं. गृहस्थांनी यंत्र माझ्या हातांत दिलं.

"आता तुमच्याकडे आलं, मला काळजी नाही," म्हणाले, आणि टॉवेलाची घडी करत जिना उतरून गेले.

टेबल अजून रिकामंच होतं. मला ते यंत्र खाली ठेववेना.