‘सोबत गेला’ नव्हे, ‘घेऊन गेले’

नकाराचं पत्र तवमलरने रासम्मा अक्काकडून तीनदा वाचून घेतलं. सिडनीच्या पश्चिमेला कोंबड्या कापायच्या कारखान्यात दोघी शेजारी उभ्या राहत आणि एकाच खोलीत राहत. अक्काला इंग्रजी बरं यायचं.

व्हिसा खात्याने लिहिलं होतं : अर्जदाराच्याच सांगण्यानुसार तिचा नवरा सैनिकांसोबत गेला. त्याला पकडलं नव्हतं. मग श्रीलंकेत परतायला हिला कसली भीती?

“मी असं बोललेच नाही,” तवमलर म्हणाली. “मी म्हणाले, घेऊन गेले.”

“एका शब्दाने काय होतंय गं?”

“अक्का, त्या एका शब्दावर मला परत धाडताहेत.”

तिने न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी मागितली. ब्रिजिट नावाची वकीलबाई फुकट उभी राहिली, पण व्हिसा खात्यातल्या पहिल्या मुलाखतीच्या टेपेचा विषय काढू नकोस, म्हणाली. “हरलेले सगळेच दुभाष्यावर खापर फोडतात. त्याने सुनावणी घेणारे चिडतात.”

“सगळेच म्हणतात, तर मग सगळ्यांच्याच टेपा ऐका,” तवमलर म्हणाली.

सुनावणी घेणारे गृहस्थ शांत आवाजात बोलत. “पहिल्या मुलाखतीत तुम्ही एक सांगितलंत. आता दुसरं सांगताय.”

“तेव्हाही हेच सांगितलं. टेप लावा.”

“लेखी उतारा माझ्यासमोर आहे.”

“तो तुमच्या भाषेतला. मी माझ्या तमिळमध्ये बोलले होते.”

ब्रिजिटने टेबलाखालून तिची बाही ओढली. तवमलरने तिचा हात हळूच बाजूला केला.

“तुमच्या घरातलं माणूस नेलं असतं, तर तुम्ही ऐकली असतीत ना टेप?”

आजची दुभाषी जाफन्याकडची पोक्त बाई होती. ती घुटमळली.

“सांगा त्यांना. जसंच्या तसं,” तवमलर म्हणाली.

बाईंनी सांगितलं. गृहस्थांनी समोरचा उतारा बाजूला सारला आणि टेप मागवली.

चार वर्षांपूर्वीचा स्वतःचाच आवाज खोलीत घुमला तेव्हा तवमलरने टेबलाची कड धरली. ‘आर्मीवाल्यांनी त्याला बसमधून खाली ओढलं, घेऊन गेले. मी मागे धावले.’ त्यावर एका पुरुषाचं तुटक इंग्रजी : तो त्यांच्यासोबत गेला. संपलं. गृहस्थांनी विचारल्यावर दुभाषी बाईंनी ते अख्खं वाक्य पुन्हा, ठासून, इंग्रजीत करून सांगितलं.

“मागे धावलात. पुढे?”

“बंदुकीच्या दस्त्याने हाणलं. हे इथे, कानामागे.”

“हे तेव्हा सांगितलं नाहीत.”

“विचारलं कोणी? नवरा आपल्या पायांनी गेला म्हटल्यावर बायको मागे धावली का, हे कोण विचारतं?”

बाहेर आल्यावर दोघी बाकावर बसल्या. ब्रिजिटने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, “बरं झालं, माझं ऐकलं नाहीस.”

अकरा आठवड्यांनी निकाल आला. खात्याचा निर्णय रद्द झाला होता. तिला संरक्षण मिळायला हवं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अक्काने कारखान्यात सगळ्यांना पायसम, आपली खीर, वाटलं.

तवमलर मात्र निकालाची पानं घेऊन ब्रिजिटकडे गेली. सातव्या पानावर ‘अर्जदाराचे दिवंगत पती’ असं छापलं होतं.

“हे खोडायला सांगा.”

“अगं, जिंकलीस तू. आता ह्याने काही बिघडत नाही.”

“त्यांनी प्रेत पाहिलंय का? मी नाही पाहिलं. ‘बेपत्ता’ लिहा म्हणावं.”

ब्रिजिटने पत्र लिहिलं. महिन्याभराने दुरुस्त केलेलं पान आलं. तवमलरने तो शब्द अक्काकडून वाचून घेतला, आणि मग दोघी दुपारच्या पाळीला निघाल्या.