राणीची कात

मस्कतला निघताना मोरू बापाशी जेमतेम बोलला, आणि जे बोलला तेही पाळलेल्या कोळ्याबद्दल. "बाबा, राणीला बघ. कात टाकायला आलीय. माती थोडी ओली ठेव." एवढं सांगून तो रिक्षात बसला.

राणी म्हणजे येऊरच्या जंगलातून त्याने आणलेला, बिळात राहणारा, तळहाताएवढा केसाळ कोळी. माशांच्या जुन्या काचपेटीत तिचा संसार. बाळकुमच्या मासेमारांच्या घरात हे पाहुणं कशाला, म्हणून मोरूचा बाप दामाजी रोज ओरडायचा, "उद्या फेकतो खाडीत!" त्यावरूनच बापलेकाचं बोलणं तुटलेलं. आणि आता त्याच पोराने जन्मात पहिल्यांदा बापाकडे काही मागितलं होतं.

झालं, दामाजीच्या जिवाला घोर लागला. थोडी ओली म्हणजे किती? वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा. सकाळी शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जाई. राणीने झुरळं खायची सोडली. अंगाचा रंग मळकट, काळपट झाला. दामाजीला आयुष्यभर खेकडे ठाऊक. खेकडासुद्धा कात टाकायच्या आधी अन्न सोडतो आणि चिखलात शिरतो. मग विचार कसला करायचा! गडी ओहोटीला खाडीत उतरला, घमेलंभर गाळ घेऊन आला आणि राणीला काठीने बाजूला सारून त्याने तो पेटीत ओतला.

राणी तडक काचेवर चढली. खारट चिखलाला पाय लावायला काही केल्या तयार होईना. दामाजीने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या, गाळ उपसला, पेटी गोड्या पाण्याने धुतली आणि अंगणातली माती भरून तिचा एकच कोपरा भिजवला. बाजारात खेकडे नेताना त्याची बायको आवडाबाई पाटीवर ओलं गोणपाट टाकायची, तसं त्याने पेटीच्या जाळीवर अर्ध्या भागात पिळलेलं गोणपाट पसरलं. मग त्याला चैन म्हणून पडेना. गोणपाट सुकलं की जीव कासावीस, ओलं असलं की बुरशीची धास्ती. जेवता जेवता उठायचा, हात लावून बघायचा.

"माझ्या बाळंतपणात इतक्या खेपा नाय घातल्यास," आवडाबाई म्हणाली.

एके दुपारी ती ठाण्याच्या बाजारातून आली, तर राणी पाय वर करून उताणी पडलेली.

"गेली ती," आवडाबाई म्हणाली. "टाक खाडीन नेऊन."

असा उताणा खेकडा दामाजीने दुसऱ्यांदा न बघता फेकला असता. पण मोरूला काय सांगणार? त्याने जाळी सरकवली, पेटीत नाक घातलं आणि मेलेल्या खेकड्याला येतो तो वास शोधला.

"वास नाय येत गं. ऱ्हाऊ दे."

गोणपाट पुन्हा भिजवून तो तिथेच बसला. दिवेलागणीला राणीची पाठ उकलली. ओल्या सदऱ्याच्या बाहीतून हात काढावा तसा एकेक पाय सुटत गेला, आणि फिकट, लुसलुशीत राणी जुन्या सालाशेजारी पडून राहिली. दामाजीला इतका आनंद झाला की तो जेवायलाही उठेचना.

रविवारी शेजारच्या सखारामकडे मोरूचा फोन आला. दर वेळी आवडाबाईच बोलायची. आज दामाजीने तिच्या हातातून रिसीव्हर ओढूनच घेतला.

"मोरू, राणीनं कात टाकली रे! आधी मी चुकलो, खाडीचा गाळ टाकला. पण मग गोणपाट लावलं, माती थोडीच भिजवली..." तो थांबेचना.

मोरू पलीकडून म्हणाला, "ती आहे अजून? मी सांगायचं म्हणून सांगितलेलं, बाबा. मला वाटलेलं, माझी रिक्षा वळायच्या आत तू तिला फेकली असशील."

पोरगा चिडून बोलला असता तर दामाजीने दुप्पट आवाज चढवला असता. पण मोरू अगदी साधेपणाने बोलला होता. त्याला तसंच वाटलं होतं.

"तू सांगून गेलेलास ना रे," दामाजी कसाबसा म्हणाला, आणि रिसीव्हर आवडाबाईकडे देऊन बाहेर निघून गेला.