यंत्रमानवाचा आवाज आणि आमचं लग्न

आमचं लग्न एका यंत्रमानवामुळं जमलं. हसू नका, खरंच.

माझे मिस्टर शिवकुमार गेले त्याला आज वर्ष झालं. सकाळपासून फोन येऊन राहिलेत आणि सगळे दबक्या आवाजात बोलतात. मला ते सोसत नाही. म्हणून म्हटलं, जो किस्सा हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि मी आतून "पुरे की आता" म्हणायचे, तो आज मीच सांगते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस मात्र ना जुन्या जिल्ह्यात होता, ना नव्यात.

हे नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क. माझं माहेर धर्माबाद, अप्पांचा मिरचीचा व्यापार. मला बघायला हे एसटीनं आले. भुवयांपर्यंत धूळ.

अप्पांनी विचारलं, "नोकरी पक्की हाय का? तुमचा जिल्हाच कालचा."

हे म्हणाले, "जिल्हा नवा हाय, पन पगार येऊन राहिला."

मला तिथंच आवडले. वयच तसं होतं.

पण मग यांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "मी रेडिओवर नाटकात पन असतो."

तेव्हा रेडिओवर विज्ञानकथांची नाटकं लागायची. मासिकातली छापील गोष्ट घ्यायची आणि तिचं नाटक करायचं. मंगळ, अंतराळयानं, उडत्या तबकड्या, सगळं. आमच्या घरी ती कुणी चुकवायचं नाही. यांना पुढच्याच नाटकात यंत्रमानवाचा रोल मिळाला होता.

अप्पा पक्के व्यापारी. मिरची मोडून, वास घेऊन मगच भाव बोलणार. म्हणाले, "ऐकतो की. आवाज तुमचा निघाला तर पुढचं बोलू. एक बढाई खोटी निघाली तर बाकीचंबी तसंच समजायचं."

झालं. माझं लग्न त्या यंत्रमानवाच्या गळ्यात अडकलं.

नाटकाच्या संध्याकाळी रेडिओ ओसरीत आला. अप्पा, आई, मी आणि दोन शेजारणी. तेलुगू मुलूख अगदी जवळ, त्यामुळं मराठी स्टेशनात मधूनच तेलुगू बातम्या घुसायच्या. अप्पा रेडिओचा कान पिळून पिळून बेजार.

गोष्ट अशी होती. लांबच्या एका ग्रहावर माणसांची वस्ती, आणि तिथलं पाणी संपत आलंय. यंत्रमानवाच्या पोटात थोडं पाणी असतं, त्याचं मशीन गार ठेवायला. तो ते एका लहान मुलीला काढून देतो आणि स्वतः बंद पडतो.

दिवसभर टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायका आम्ही. शेजारणी पदर डोळ्याला लावून रडल्या. आई म्हणाली, "पोटातलं पानी दिलं गं बाई त्यानं."

अप्पांनी रेडिओचा आवाज बारीक केला. मग मला म्हणाले, "त्यांचाच आवाज हाय का? तू तर नीट ऐकलास त्या दिवशी."

आता खरं सांगू का? तो यंत्रमानव घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा बोलत होता. त्यात तेलुगू. माझ्या सख्ख्या भावाला मी ओळखलं नसतं.

"हाव," मी म्हणाले. "तेच हायत."

फुल कॉन्फिडन्स.

अप्पांनी रेडिओ बंद केला. "पानी देनारा मानूस हाय. रविवारी बोलवा त्यांना."

आई म्हणाली, "अहो, ते नाटकात दिलं."

"असू दे. मनातून दिल्यावानी बोलला."

रविवारी हे आले. चेहरा उतरलेला, चहाला हात लावेनात. समोर ताटात सुपारी मांडलेली, ती फोडली की लग्न पक्कं.

हे म्हणाले, "अप्पा, आधी माझं ऐका. तो आवाज माझा नव्हता."

मी दाराआड उभी.

"रेकॉर्डिंगला मी बोललो, 'मला उमजून नाही राहिलं.' साहेब म्हणाले, यंत्रमानव लातूरचा कसा असंल? 'मला समजत नाही' असं म्हणा. मी पुन्हा तसंच बोलून गेलो. जिभेची सवय. मग रोल दुसऱ्याला दिला."

"म्हंजे तुम्ही नाटकात न्हवताच?"

"होतो." यांची मान खाली. "यानाचं दार होतो. पत्र्याच्या पेटीचं झाकण फरशीवर घासत होतो."

बोलले नसते तर कुणाला कळणार होतं? गुपचूप सुपारी फुटली असती. पण हा माणूस एसटीचे धक्के खात, स्वतःचं जमलेलं लग्न मोडायला आला होता. तेव्हाच ठरवलं मी, करीन तर याच्याशीच.

अप्पा सावकाश माझ्याकडं वळले. "अन् तू तर म्हनलीस, तेच हायत."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी दाराचं म्हणत होते."

आधी आई हसली. मग अप्पा. इतके हसले की ठसका लागला. जन्म मिरचीच्या आडतीत गेलेल्या माणसाला. डोळे पुसत यांना म्हणाले, "दार लई झकास वाजलं बरं का. मी दचकलो होतो."

आणि सुपारीचं ताट पुढं ओढलं.

लग्नानंतर यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला, "तू खोटं का बोललीस?"

मी म्हटलं, "तुम्हाला उमजून नाही राहिलं का?"

असो. फोटोला हार घातलाय. यांना आवडायची तशी तिखटजाळ आमटी केलीय. श्रद्धांजली तुम्ही सगळे वाहा, मला यांच्याशी दोन शब्द बोलायचेत.

अहो, तेव्हा तुमचा आवाज मला ओळखता आला नाही, कारण तोवर एकदाच ऐकला होता. नंतर जन्मभर ऐकला. आता घागरीतून बोला, तेलुगू बातम्यांच्या मधून बोला, एका शब्दात ओळखीन.

बोला तेवढं.