गालातली सुपारी आणि नऊ आठवडे बंद असलेला शब्द

१८५८ सालचा ३ एप्रिल, शनिवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. समुद्रापारच्या बेटावर, रोझ बेल गावाजवळच्या उसाच्या मळ्यातल्या चर्चमध्ये गोवर्धन झाडू मारत होता. त्याच्या गालात एक अख्खी सुपारी होती. ती बायकोने, इंद्राणीने, तोंड बंद राहावं म्हणून ठेवायला दिली होती.

शब्द होता ‘हालेलुया’. हिब्रू भाषेत ‘याहची स्तुती करा’. याह हे देवाचंच नाव. ईस्टरआधी नऊ आठवडे तो चर्चमध्ये उच्चारत नाहीत. ईस्टरच्या आदल्या सकाळी पाद्री तो तीनदा गातो, दर वेळी चढ्या सुरात, आणि लोक तसाच परत गातात. कोकणातल्या गोवर्धनच्या लेखी हा सरळसरळ गजर होता. फेब्रुवारीत बाकं पुसताना त्याने तो मोठ्याने करून टाकला. पाद्रीने बजावलं, बंदी उठण्याआधी पुन्हा ऐकू आला तर ऊसतोडीला परत. चरकात दोन बोटं गेलेल्या गोवर्धनच्या हाताला कोयता पेलणारा नव्हता.

“देवाचं नाव पोटात कोंडलंय तुमच्या,” इंद्राणी म्हणाली होती. “अपचन होईल.”

नवाच्या सुमारास पाद्रीने पहिली हाक दिली. लोकांनी साथ दिली. दुसरी चढली. तिसरीला मात्र त्याचा आवाज मधेच फाटला आणि खोकला सुरू झाला. 

गोवर्धनने सुपारी हातावर घेतली आणि हाक पुरी केली, पाद्रीच्याही वर. लोकांनी उत्तर दिलं. गजराला उत्तर आलं की पुढची हाक द्यायचीच असते, म्हणून त्याने दिली. पाचवीला साखर कारखान्याचा मुकादम टाळ्या वाजवत होता. सातवीला एका म्हातारीची टोपी उडाली आणि तिने ती उचलली नाही. आठवीला गाणाऱ्या बायका हसून बाकाला धरून उभ्या होत्या. नववी झालीच नाही. पाद्रीने हात वर केला.

प्रार्थना संपल्यावर त्याने गोवर्धनला आत बोलावलं. तीन सांगितल्या असताना आठ का, असं विचारलं.

“तुमची तिसरी अर्धी राहिली, पाद्रीबाबा. गजर अर्धा टाकत नाहीत. पुढच्या पाच हाका लोकांनी मागितल्या.”

“बंदी केव्हा उठली?”

“तुमच्या पहिल्या हाकेला.”

पाद्री बसक्या आवाजात बराच वेळ हसला. मग त्याने घंटेची दोरी दाखवली.

उद्या ईस्टर. पहिली घंटा पाच वाजता. ती गोवर्धन वाजवेल.